दोन ठोके, मग एक

१

आमच्या धंद्यात भांडं आधी वाजवतात, मग बघतात. चकाकी काय, चिंच लावून घासलं की कुठल्याही भांड्याला येते. पण टिचकी मारली की भांड्याला खोटं बोलता येत नाही. केसाएवढी चीर असली, तळाला गुपचूप डाग देऊन भोक बुजवलेलं असलं, तरी आवाज तिथल्या तिथं बसतो. अशा भांड्याला माझे वडील पुंडलिकराव ‘मुकं’ म्हणत आणि सरळ मोडीत टाकत. दिसायला ते कितीही देखणं असो.

भंडाऱ्यात आमचं पितळी भांड्यांचं दुकान. खाली दुकान, वर घर. आई जाऊन बरीच वर्षं झालेली, त्यामुळे घरात माणसं तीनच: बाबा, मी ताराचंद, आणि माझी बायको शकुंतला. शकुंतला कोंढ्याची. शेतकऱ्याच्या घरातली, मोकळ्या अंगणात वाढलेली, त्यामुळे तिचं सगळंच दणक्यात. ताट ठेवलं की खालच्या गिऱ्हाइकानं मान वर करायची. बांगड्या तर सतत बोलायच्या. ती घरात कुठं आहे आणि कुठल्या मूडमध्ये आहे, हे मला न बघता कळायचं.

बाबा जेवताना म्हणायचे, “सूनबाई, भांडे घासून राहिली का कुटून राहिली?”

“दोनी जी, मामाजी,” ती म्हणायची, आणि पळीसुद्धा आपटूनच ठेवायची.

दुपारी पडल्यापडल्या तिचा हा दंगा ऐकणं मला फार आवडायचं. तिला तसं कधी सांगितलं नाही.

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात मंगरूनं मोडीचा माल आणला. मंगरू म्हणजे गावोगाव फिरून जुनी भांडी गोळा करणारा आमचा माणूस. तुमसरकडच्या कुठल्याशा खाणीच्या बंगल्यातून एक परदेशी कुटुंब निघून गेलं होतं, त्यांचं सामान त्याच्या हाती लागलेलं. पलंगाचे पितळी गोळे, दिवे, एक वाकडी घंटी, आणि तळाशी एक ग्रामोफोनची तबकडी.

“हा तवा बी घ्या जी,” मंगरू म्हणाला. “तुमच्या पोराले शौक आहे ना.”

शौक होताच. बी.एस्सी. मी दुसऱ्या वर्षात सोडली, पण नागपूरच्या होस्टेलवर लागलेलं विलायती गाण्यांचं वेड सुटलं नव्हतं. झाकणात स्पीकर असलेला एक रेकॉर्ड-प्लेअर माझ्या खोलीत होता, आणि बाजाराच्या सुट्टीची दुपार त्याच्यासाठी राखून ठेवलेली होती.

२

वेष्टन काळंजांभळं होतं. दाट झाडीत काही माणसं गोल करून उभी, डोक्यावरून तोंडापर्यंत ओढलेले झगे, मध्ये जमिनीवर काहीतरी गोल. ते काय आहे ते कळत नव्हतं, कारण नेमकं तिथंच ओल लागून कागद फुगला होता. वर नाव होतं, पण अक्षरं इतकी वेलबुट्टीची की इंग्रजी येऊनही वाचता येईना. मागच्या बाजूला चांदण्या, सर्प आणि एक उलटा त्रिकोण. एकंदर भुताखेतांचा बाजार. मला हसू आलं. आमच्याकडे अमावस्येला चौकात लिंबू-मिरची मिळते, तिकडच्यांना त्यासाठी छापखाना लागतो.

गाणी मात्र जबरदस्त होती. गिटार भट्टीतल्या हवेसारखी घोंघावायची, ऑर्गन लांबच लांब सूर धरून बसायचा, आणि गाणारा माणूस गाण्यापेक्षा कोणाला तरी आवाहन केल्यासारखा ओरडायचा. दुसऱ्या बाजूला शेवटचं गाणं सर्वात मोठं. त्यात मध्येच ढोल थांबतात, गिटार थांबते, नुसता ऑर्गन उरतो आणि तो माणूस हळू आवाजात काहीतरी पुटपुटत राहतो. त्याच्या मागे, लांबून, ऐकू आलं:

टण, टण. मग जरा थांबून, टण.

मी ताडकन उठून बसलो. ही घंटा नव्हती. घंटेचा आवाज वरच्या वर पसरतो, हा आवाज पोटातून येत होता. पितळ, जाड तळ, अरुंद गळा. आणि त्याचा गाण्याच्या तालाशी काही संबंध नव्हता. वाजवणाऱ्याला गाणं ऐकूच येत नसावं, असा तो आपल्या मनानं वाजत होता.

खालून बाबांचा आवाज आला, “ताराचंद, कोंढ्याचा गुंड कोण वाजवून राहिलं?”

गुंड म्हणजे पाण्याचा मोठा गोल पितळी घडा. इकडे हाच शब्द आहे, पुण्याकडचे पाहुणे ऐकून दचकतात. कोंढ्याचा गुंड म्हणजे शकुंतलाला माहेरून लग्नात आलेला. तिच्या आईचा, जुन्या घडणीचा, वर ठिपक्याठिपक्यांनी शकुंतलाचं नाव घातलेला.

मी स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं. गुंड कोपऱ्यात लाकडी घडवंचीवर जागच्या जागी होता. शकुंतला गच्चीवर कुरोड्या वाळत घालत होती.

३

बाबांचा कान चुकत नाही, हे मला माहीत होतं. म्हणून मी खुलासा शोधायला लागलो, आणि खुलासा सापडलाही. एक भांडं वाजलं की त्याच पट्टीतलं दुसरं भांडं आपोआप घुमतं, हे मी कॉलेजात शिकलो होतो. रेकॉर्डमध्ये कुठलंसं भांडं वाजतं, म्हणून आमचा गुंड घुमतो आणि खाली बाबांना तो ऐकू जातो. किती सोपं. मी खूश झालो.

पडताळा घ्यावा म्हणून पुढच्या सुट्टीच्या दुपारी ती जागा पुन्हा लावली आणि पळत जाऊन गुंडावर तळहात ठेवला. आवाज माझ्या खोलीतून येत राहिला. गुंड माझ्या हाताखाली गार आणि गप्प होता, जराही थरथर नाही.

खरं तर तिथंच थांबायला हवं होतं, असं आता कोणीही म्हणेल. पण भीती वाटण्याआधी मला नवल वाटलं. माणसाला नवल वाटत असताना भीती दाराबाहेर थांबते, हा माझा अनुभव आहे.

मी गुंड अर्धा पाण्यानं भरला आणि तबकडी लावली. ऑर्गन तोच, पुटपुट तीच. पण ठोके खाली उतरले होते, अर्ध्या भरलेल्या भांड्याचे असतात तसे जडसर. पाणी ओतून टाकलं, पुन्हा लावली. आवाज पुन्हा मोकळा. गुंडाला टॉवेल गुंडाळला, तर रेकॉर्डमधला ठोका टॉवेलमधून आल्यासारखा आला.

मी जमिनीवर बसून राहिलो. समोर सातासमुद्रापलीकडे छापलेली तबकडी फिरत होती. ती छापली तेव्हा मी हाफपँटीत असेन. आणि आज स्वयंपाकघरात मी गुंडाला जे करत होतो, ते तिच्यात ऐकू येत होतं. म्हणजे तिच्यात वाजत होता तो आमचाच गुंड. फक्त वाजवणारं माणूस आमच्या घरात नव्हतं.

“काय करून राहिले जी?” शकुंतलानं दारातून विचारलं. “गुंडाले टावेल कायले नेसवला?”

“शास्त्र आहे,” मी म्हणालो.

“मंग चोळी बी शिवा त्याले,” ती म्हणाली आणि टॉवेल ओढून घेऊन गेली.

४

तोवर शकुंतलानं तो आवाज नीट ऐकला नव्हता. सुट्टीच्या दुपारी ती गच्चीवर किंवा नळावर असायची. एका सुट्टीला मात्र ती घरातच होती, डाळ निवडत. मी दुसरी बाजू लावली. ठोके आले, आणि सुपाचा आवाज थांबला.

ती बाहेर आली, माझ्याकडे न बघता माझ्या खोलीवरून पुढे गेली आणि जिना उतरायला लागली.

“कुठं निघालीस?”

“घरी,” ती म्हणाली. मग थबकली, आणि स्वतःच हसली. “पाहा ना, मले वाटलं माय बोलावून राहिली.”

तिची माय, गिरजाबाई, आदल्या हिवाळ्यात वारली होती. रेकॉर्ड संपल्यावर शकुंतला पायरीवरच बसून सांगत राहिली. रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत पोरं दूरदूरच्या बांध्यांमध्ये, चिखलाच्या शेतांत असायची. दिवस कलला की कोंढ्याच्या बाया दारात गुंड घेऊन बसत आणि हातातल्या अंगठीनं वाजवत. हाक मारायची गरज नाही. घरोघरचा गुंड वेगळा, घरोघरची वाजवायची रीत वेगळी, त्यामुळे ज्याचं तो ओळखायचा.

“आमची माय दोन वाजवे, थांबे, मंग एक. ते ऐकलं का चिखलातून पाय आपोआप घराकडे. सारे आले का गुंडात धान भरून ठेवे. भरला गुंड म्हंजे आता कोणी बाहेर नाही राह्यलं. मंग दाराले कडी.” तिनं डोळे पुसले. “अजून एक डाव लावा ना जी.”

लावू नये असं मनात आलं. पण तिचा चेहरा इतका उजळला होता, आणि मलाही तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते बघायचं होतं, की मी सुई उचलून मागे ठेवली.

पुढच्या सुट्टीला मी एकटाच ऐकत होतो. निदान मला तसं वाटलं. संपल्यावर लक्षात आलं की घर गप्प आहे. चूल पेटलेली, भात उतू गेलेला, शकुंतला नाही. बाबांनीच तिला परत आणलं. एस.टी. स्टँडवर कोंढ्याकडे जाणाऱ्या पवनीच्या गाडीत बसली होती, हात पिठाचे, पायात चप्पल नाही. विचारलं तर एवढंच म्हणाली, “उशीर झाला न मले.”

तेव्हा मात्र भीती घरात आली. बाबांनी मला खाली दुकानात बसवलं.

“फोडून टाक तो तवा.”

“बाबा, पण तो आवाज तिथं आलाच कसा, ते तर—”

“तुले बायको पाहिजे का खुलासा पाहिजे?”

मला दोन्ही पाहिजे होतं. बाबा माझ्याकडे बघत राहिले, मग त्यांनी हातातला तांब्या खाली ठेवला. लेकाचा स्वभाव त्यांना ठाऊक होता.

“नाही फोडत त गुंड तरी मुका कर. धान भर त्यात गच्च. भरलं भांडं वाजत नाही.”

त्यांनी ते धंद्याच्या हिशोबानं सांगितलं. मीही त्याच हिशोबानं ऐकलं. पायरीवर बसून शकुंतलानं काय सांगितलं होतं, ते दोघांच्याही मनात आलं नाही. बाबांना तर ते माहीतही नव्हतं.

५

तिच्या माहेरून आलेलं धानाचं पोतं माजघरात होतं. मी गुंड काठोकाठ भरला, वरून धान तळहातानं सपाट केलं. टिचकी मारली, दगडावर मारल्यासारखी. जिन्याच्या दाराला आतून अडसर घातला. शकुंतला स्वयंपाकघरात कणीक मळत होती, बांगड्यांचा आवाज नेहमीसारखा येत होता. आता रेकॉर्डमध्ये ठोके आले नाहीत की झालं, प्रकरण मिटलं, तबकडी फोडायचीही गरज नाही. मी सुई ठेवली.

ढोल थांबले. गिटार थांबली. ऑर्गन आणि तो पुटपुटणारा माणूस. मी कान देऊन बसलो. ठोके आलेच नाहीत. मला इतकं हलकं वाटलं की मी शकुंतलाला हाक मारणार होतो.

तेवढ्यात त्या तबकडीत दाराची कडी वाजली.

मग पावलं. अनवाणी, ओली, सारवलेल्या जमिनीवर चपचप करत येणारी. पायात जोडवी. हातात बांगड्या. अशी चाल मी हजार माणसांत ओळखली असती, रोज दुपारी ऐकतच तर पडायचो. ऑर्गनच्या मागून एक म्हातारी बाई म्हणाली, “आली का बाई?”

“हाव, माय,” शकुंतला म्हणाली.

कडी पुन्हा वाजली, या वेळी आतून लावल्याची. गाणं संपलं आणि सुई मधल्या कागदाशी खरखरत राहिली.

मी स्वयंपाकघराच्या दारात गेलो. शकुंतला पाठमोरी बसली होती, परातीवर वाकून कणीक मळत. मला इतकं बरं वाटलं की दाराची चौकट धरूनच उभा राहिलो. मग गुंडाकडे लक्ष गेलं. मी सपाट केलेल्या धानात एका हाताचा ठसा होता, पाचही बोटांचा, भरलं की नाही हे बघायला दाबतात तसा.

“तू हात लावलास का गं?”

तिनं वळून पाहिलं आणि दोन्ही हात दाखवले. कोपरापर्यंत कणीक. “माया हाताले पीठ आहे ना जी.”

तसं म्हणत तिनं हात झटकले. हिरव्या बांगड्या मनगटापासून कोपराकडे गेल्या आणि परत आल्या. मग तिनं परात उचलून ओट्यावर ठेवली, नेहमीसारखी, जोरात.

परातीचा आवाज झाला नाही. बांगड्यांचाही झाला नाही.

६

याला आता सात वर्षं झाली. शकुंतला माझ्यासमोर आहे. बोलते, हसते, सणाला पुरणपोळ्या करते, बाबांना वेळेवर औषध देते. तिच्या बोलण्यात काही खोट नाही. फक्त तिच्या हातून काही वाजत नाही. स्टीलचा डबा पडला तरी तो पडलेला दिसतो, ऐकू येत नाही. ती मागे येऊन उभी राहिली की मला कळत नाही, आणि मी दचकतो.

शेजारच्या ललिताबाई तिचं कौतुक करतात, कशी शांत झाली सून म्हणून. बाबाही सुरुवातीला म्हणायचे, “सुधारली पोरगी.” हल्ली म्हणत नाहीत. एकदा जेवताना त्यांनी तिनं वाढलेल्या वाटीला हळूच टिचकी मारली. वाटी छान वाजली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि अर्धं ताट टाकून उठले.

एकदा मी तिला विचारलं, तुझी माय गुंड कशी वाजवायची?

“कोणता गुंड?” ती म्हणाली. तिला खरंच आठवत नव्हतं.

तबकडी मी फोडली नाही. कशी फोडणार? आता बाजारात कॅसेटी आल्यात, रेकॉर्ड-प्लेअरची सुई मिळायला नागपूर गाठावं लागतं. मी गाठतो. सुट्टीच्या दुपारी दुसरी बाजू लावतो. गिटार थांबते, ऑर्गन उरतो, आणि त्याच्यामागे कोंढ्याच्या त्या घरात ताट दणकन आपटतं. बांगड्या किणकिणतात. म्हातारी म्हणते, हळू वं बाई, आणि माझी बायको खळखळून हसते. मी स्पीकरला कान लावून रडतो, आणि तसं सांगायला मला लाज वाटत नाही. पण सुई तबकडीवरचा चर झिजवत असते. दर खेपेला सगळं थोडं लांब गेलेलं असतं.

परवा मला सुचलं ते इतकं साधं होतं की सात वर्षं कसं सुचलं नाही याचंच नवल वाटलं. बाबा नातेवाइकांकडे कारध्याला गेले होते. मी गुंडातलं धान पोत्यात ओतलं, गुंड पुसला, माझ्या खोलीत आणून मांडीशी धरला. बोटातली अंगठी फिरवून घट्ट केली. तबकडी लावली. ऑर्गनपर्यंत आल्यावर, ताटवाट्यांचा आवाज सुरू होताच, मी वाजवलं. दोन. थांबलो. मग एक.

रेकॉर्डमध्ये बांगड्या थांबल्या.

“माय,” शकुंतला म्हणाली. “मले कोणी बोलावून राहिलं.”

बराच वेळ नुसता ऑर्गन.

“कोणी नाही,” म्हातारी म्हणाली. “तू जेव.”

मी पुन्हा वाजवलं, जोरानं, आणखी जोरानं, पण गाणं संपून सुई कागदापाशी पोचली होती. वर पाहिलं तर शकुंतला दारात उभी होती. कधी आली कोण जाणे. ती माझ्या हातातल्या अंगठीकडे नवलानं बघत होती.

“काय करून राहिले जी?” तिनं विचारलं.

“काही नाही,” मी म्हणालो. सुई उचलली, आणि पुन्हा सुरुवातीला नेऊन ठेवली.